साडेबाराचे तेरा

सूनबाईला एक खोड होती. ती खोड चांगलीच आहे असं सगळे म्हणायचे, आणि म्हणूनच तर पुढचं सगळं रामायण झालं. एकाच्या जागी दोन वस्तू दिसल्या की तिला चैन पडायचं नाही. दोन कात्र्या दिसल्या की एक आत जायची. अर्धे भरलेले दोन डबे दिसले की एकातलं दुसऱ्यात ओतलं जायचं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने सासूच्या पाच चाळण्यांपैकी तीन देऊन टाकल्या. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, दोन दिवस चाळणी शोधली आणि मग आहे त्या चाळणीवर भागवलं. बोलल्या काही नाहीत. ही घरातली दुसरी खोड, आईंची. काही दुखलं, खुपलं, हरवलं, तरी घरात कुणाला कळू द्यायचं नाही. कुणी विचारलंच तर एकच उत्तर: "छे! मला काय धाड भरलीय?"

घर वर, कारखाना खाली. कारखाना म्हणजे काय हो, तीन खोल्या आणि त्यांना जोडणारा एक लांब पॅसेज. पहिल्या खोलीत पायांची मापं घ्यायची, दुसरीत मुलगा वरचं चामडं शिवायचा, तिसरीत सासरे, म्हणजे दादा, तळ बसवायचे. हे बूट साधे नव्हेत. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे, अशांसाठीचे. कुणाचा जन्मापासून, कुणाचा पडून, कुणाचा ऑपरेशननंतर. दादा अशा माणसाला सरळ उभं करायचे आणि आखूड पायाखाली पातळ लाकडी पट्ट्या एकेक करून सरकवायचे. कंबर दोन्हीकडून सारखी आली की थांबायचं आणि पट्ट्यांची जाडी मोजायची. जेवढा फरक, तेवढं कॉर्क टाचेखाली, आणि त्याच्या निम्मं चवड्याखाली. सांगायला सोपं आहे. दादांनी त्यात चाळीस वर्षं घातली होती.

बूट झाला की खरी परीक्षा पॅसेजमध्ये व्हायची. गिऱ्हाइकाने बूट घालून दगडी फरशीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि दादांनी त्याच्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभं राहायचं. चाल ते कानाने बघत. टाच, चवडा. टाच, चवडा. एका पायाचा चवडा केसभर उशिरा पडला तरी दादा न वळता म्हणायचे, "काढा, अजून घासतो." नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारबुवा नाटकं करतायत. दुसऱ्या खेपेला तेच गिऱ्हाईक श्वास रोखून चालायचं.

दादांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आईच. त्यांचा डावा पाय लहानपणापासून आखूड. दादा तेव्हा विशीतले, पहिलाच बूट पोचवायला त्यांच्या घरी गेले आणि मागणी घालूनच परत आले. "बूट बसला नसता तर?" असं सूनबाईने एकदा विचारलं होतं. "तर दुरुस्तीच्या निमित्ताने परत गेलो असतो," दादा म्हणाले.

आता यात संगणक कुठून आला, तर सांगते. दादा सगळी मापं एका वहीत लिहीत. एके दिवशी त्या वहीवर सरसाचा अख्खा डबा आडवा झाला आणि दोनशे माणसांचे पाय एकमेकांना कायमचे चिकटले. दादा तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते. दुसऱ्या कुणी नवी वही आणली असती. दादांनी एक जुना संगणक आणला, वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि दोन वर्षं डोकं खाजवून स्वतः एक प्रोग्राम लिहिला. माणसाचं नाव घालायचं, पायांतला फरक घालायचा, की छापलेली चिठ्ठी बाहेर: टाच इतकी, चवडा इतका. ती चिठ्ठी समोर खिळ्याला टोचायची आणि कॉर्क कापायला घ्यायचं. प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला तिचं नाव पायथन, म्हणजे अजगर. आईंना त्याची फार गंमत वाटली. तेव्हापासून घरात संगणक म्हणून कुणी म्हणेना. सगळे म्हणायचे, "ह्यांचा अजगर."

सूनबाई घरात आली तेव्हा अजगर चादरीखाली झोपलेला असायचा. तिने संगणकाचा एक वर्षाचा कोर्स केला होता, बाकी शिक्षण बेताचंच. पहिल्याच महिन्यात तिने विचारलं, "दादा, मी बघू का हात लावून?" दादांनी चादर काढली, प्रोग्राम उघडून दिला आणि मुद्दाम एका ओळीत चूक करून ठेवली. सूनबाईने ती दहा मिनिटांत पकडली. दादांनी खुर्ची सोडली, ती पुन्हा घेतली नाही. तेव्हापासून ती इंजिनीअरबाई. नवरा हे सगळं शिवणयंत्रामागून बघत होता. तो बोलायचा फारच कमी. सुई तुटली तर 'अरेच्चा' म्हणायचा, तेवढंच.

पंधरा वर्षं अशी सुखात गेली. मग हाडांच्या डॉक्टरांनी सुचवलं म्हणून पाय मोजायचं नवं यंत्र आलं. काचेवर उभं राहायचं, यंत्र खालून पाय बघतं आणि कंबरेची पातळी सांगतं. लाकडी पट्ट्यांची गरज नाही. पण त्या यंत्राला पायथनची नवी आवृत्ती हवी होती, तिसरी. दादांचा प्रोग्राम होता दुसरीतला. यंत्र बसवायला आलेला माणूस मोठा समजूतदार होता. म्हणाला, "ताई, दोन्ही आवृत्त्या एकाच मशीनवर राहू शकतात. दोघींना वेगवेगळी खोली द्या, आणि कुठल्या कामाला कुठली हाक मारायची ते लिहून ठेवा. जुनीला मात्र हात लावू नका."

"एका घरात दोन अजगर?" सूनबाई म्हणाली. तो हसला आणि गेला.

आठ दिवस तिने सहन केलं. नुसतं 'पायथन' म्हणून हाक मारली की जुनी आवृत्ती उठायची. नव्या यंत्राचं काम तिच्या पुढ्यात पडायचं, ते तिला कळायचं नाही, आणि पडदाभर तक्रारी यायच्या. समोर गिऱ्हाईक काचेवर एका पायावर ताटकळलेलं. नवव्या दिवशी सूनबाईचं डोकं फिरलं. तिने जुनी आवृत्ती पुसून टाकली.

बाई गं! संगणकाची स्वतःची आतली कितीतरी कामं त्या जुनीवरच चालत होती. हे तिला कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं. तिने जुनी काढली आणि पडद्यावरची एकेक गोष्ट नाहीशी व्हायला लागली. आधी खालची पट्टी गेली, मग खिडक्या उघडेनात, मग नुसता काळा पडदा. बरं, मापं वेगळी जपून ठेवलेली होती, ती वाचली. तीन दिवस बसून तिने संगणक पहिल्यापासून उभा केला, पण फक्त नव्या आवृत्तीवर. दादांचा प्रोग्रामही तिने नव्यात आणला. जुनं लिखाण नव्यात बदलून देणारं एक साधन मिळतं, ते वापरलं. दादांनी ओळीओळीला इंग्रजी अक्षरांत आपल्या भाषेतल्या नोंदी लिहून ठेवल्या होत्या, 'इथे सावकाश', 'हे का चालतं देव जाणे', असल्या. मशीन त्या वाचत नाही, मग कशाला ठेवा, म्हणून तिने त्याही झाडून काढल्या. शेवटी पाच जणांची जुनी मापं घालून पाहिलं. पाचही चिठ्ठ्या आधीसारख्याच आल्या.

"झकास," दादा म्हणाले. "आता एकच अजगर, पण तरणाबांड." सूनबाई दोन दिवस हवेत होती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आईंचे नवे बूट करायचे होते. वयोमानाने कंबर थोडी कलते, म्हणून दर दोन वर्षांनी माप नव्याने घ्यायचं अशी घरची पद्धत. मागच्या वेळी फरक तेवीस मिलिमीटर होता, आता पंचवीस निघाला. चिठ्ठी आली: टाच पंचवीस, चवडा बारा. दादांनी चिठ्ठी खिळ्याला टोचली आणि कामाला लागले. ते चिठ्ठीचा हिशोब कधी पडताळून बघत नसत. स्वतःच लिहिलेल्या प्रोग्रामवर काय शंका घ्यायची?

बूट झाला. आई पॅसेजमधून चालल्या. दादांनी पाठ केली, डोळे मिटले आणि मग डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "डावा चवडा उशिरा पडतोय."

"छे! मस्त बसलाय," आई म्हणाल्या.

"पुन्हा चाल बघू."

आई पुन्हा चालल्या. दादांनी बूट हातात घेतला, कॉर्कला मापक लावला. बारा म्हणजे बारा. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा चष्मा पुसून लावला. बाराच. "मापक बारा म्हणतोय, चाल म्हणत नाही," ते पुटपुटले आणि आत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई जिना उतरून आल्या तेव्हा दादा कान देऊन बसलेलेच होते. चाल अगदी बरोबर ऐकू आली. त्यांना हायसं वाटलं. संध्याकाळी पुन्हा चवडा उशिरा. तिसऱ्या दिवशी सकाळी बरोबर, संध्याकाळी चूक. दादांनी फक्त सूनबाईला एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "कान तपासायला कुठे जावं लागतं गं?"

मग दोनेक महिन्यांनी टपालवाले काका आले. दहा वर्षांचं गिऱ्हाईक, दिवसभर पायी फिरणारा माणूस. म्हणाले, "दादा, राग मानू नका, पण या खेपेचा बूट घातल्यापासून गुडघा बोलायला लागलाय." पुढच्या आठवड्यात बेकरीवाल्या ताई आल्या, दिवसभर भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या. त्यांचं तर कंबरेचं दुखणं उलटलं होतं. दादांनी दोघांचे बूट ठेवून घेतले, कॉर्क मोजलं, चिठ्ठीशी जुळवलं. सगळं जुळलं. जुळलं म्हणूनच तर ते खचले. माप बरोबर आणि चाल चूक, याचा त्यांना एकच अर्थ लागत होता. डोळ्यांना मापक नीट दिसत नाही, हाताला कॉर्क सरळ घासता येत नाही, आणि ज्या कानांवर सगळी मदार, ते सकाळी एक सांगतात अन् संध्याकाळी दुसरंच.

एका दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी आपली रापी, चामडं आणि कॉर्क कापायची ती रुंद पात्याची, चाळीस वर्षांत धार लावून लावून निम्मी झालेली, मुलापुढे ठेवली. "ही आता तुझ्याकडे. महिनाअखेरीपर्यंत हातातलं संपवतो आणि थांबतो. लोक आपल्या भरवशावर चालतात रे. त्यांचे गुडघे घालवायचे आणि वर म्हातारपणाची सबब सांगायची, हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

मुलाने रापीकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं, आणि रापी उचलून मागच्या खोलीत नेली. आई ताटं गोळा करत होत्या, त्यांचा हात थांबला. सूनबाईलाही वाटलं की दादा म्हणतात तसंच असणार, वय झालं. हे सांगायलाच हवं, कारण पुढे तिला सगळ्यांत जास्त टोचलं ते हेच. संशय तिला आला नाही. घरात एवढी उलथापालथ चाललेली आणि ही बाई वर स्वयंपाकघरात उंदीर शोधत होती. चहाच्या खोक्यांची झाकणं कुणीतरी पळवत होतं ना!

दादांच्या कामाच्या शेवटच्या दिवशी त्यांना काहीतरी द्यावं असं तिच्या मनात आलं. काय द्यावं? तिने ठरवलं, त्यांचा मूळ प्रोग्राम, त्यांच्या त्या नोंदींसकट, छान कागदावर छापायचा आणि चौकटीत बसवून द्यायचा. आपण नोंदी झाडून टाकल्या याची कुठेतरी रुखरुख होतीच. कपाटात खूप शोधल्यावर एक जुनी सीडी सापडली, वर दादांच्या अक्षरात 'अजगर, पहिला' लिहिलेलं. सकाळची कामं आटोपून ती वाचायला बसली. 'इथे सावकाश' आलं, 'हे का चालतं देव जाणे' आलं. ती एकटीच हसत होती. मग ती ओळ आली, जिथे फरकाचं निम्मं करून पूर्ण आकडा काढतात. तिच्या शेजारी दादांनी लिहिलं होतं:

'अर्धा उरला तर वरच जायचं. कॉर्क वजनाने बसतं. आणि कमी पडलं तरी ही सांगणार नाही.'

सूनबाईचं हसू विरलं. तिने नवी आवृत्ती उघडली आणि विचारलं, साडेबाराचा पूर्ण आकडा किती? उत्तर आलं, बारा. साडेतेरा घातले. चौदा. आं? पुन्हा साडेबारा घातले. पुन्हा बारा.

मग तिने शोधून वाचलं तेव्हा उलगडा झाला. जुन्या आवृत्तीत नेमका अर्धा उरला की आकडा वर जायचा, सरळ हिशोब. नव्या आवृत्तीत नियम बदलला होता. नेमका अर्धा उरला तर शेजारच्या सम आकड्याकडे जायचं. म्हणजे साडेतेराचे चौदा दोघींकडे, पण साडेबाराचे जुनीकडे तेरा आणि नवीकडे बारा. ना कुठली तक्रार, ना पडद्यावर काही लाल. दोघी एकाच नावाला ओ देणाऱ्या, वरून सारख्याच दिसणाऱ्या, आणि गुपचूप एक मिलिमीटर इकडचं तिकडे. तिने तपासलेली ती पाच मापं आठवून पाहिली. चार सम होती आणि एक सत्तावीस. सत्तावीसचं निम्मं साडेतेरा. नशीबच असं की पाचांतलं एकही चुकायला तयार नव्हतं.

ओळ दुरुस्त करायला एक मिनिट पुरलं असतं. पण आणखी कुठे काय लपलंय हे कुणी सांगावं? आता सूनबाई कुणाच्याच नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायला तयार नव्हती, स्वतःच्या तर मुळीच नाही. तिने जुनी आवृत्ती परत आणली. या वेळी त्या समजूतदार माणसाने सांगितलं होतं तसंच केलं. संगणकाच्या स्वतःच्या सामानाला धक्का न लावता जुनीला वेगळी खोली दिली, नवीला वेगळी. प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये एका ओळीची फाइल ठेवली, त्यात आवृत्तीचा आकडा. ज्या फोल्डरमध्ये उभं राहून हाक माराल, तिथली ओ देईल. मग सहाशे बारा माणसांची मापं आधी जुनीला दिली, तीच नवीला दिली, आणि दोघींच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या. एकशे एकोणपन्नास ठिकाणी फरक होता, आणि प्रत्येक ठिकाणी एकच मिलिमीटर, चवड्याखालचा. नव्या आवृत्तीवर आल्यापासून झालेल्या बुटांत असे नऊ जोड. टपालवाले काका, सतरा. बेकरीवाल्या ताई, एकोणतीस. यादीत सगळ्यांत वर आई, पंचवीस.

सूनबाई कागद घेऊन तिसऱ्या खोलीत गेली. दादा हत्यारं पुसून एका खोक्यात लावत होते. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"दादा, तुमचा हात नाही चुकला. डोळे नाहीत, कान नाहीत. मी चुकले."

"तू? तुझ्या हातात कुठे रापी होती?"

तिने सगळं सांगितलं. पुसलेली आवृत्ती, झाडून काढलेल्या नोंदी, साडेबारा. बोलताना मधेच रडू आलं, ते तिने हाताने पुसलं आणि पुढे सांगत राहिली. दादा कागदावरून बोट फिरवत ऐकत होते.

"पण असा नियम करतं कोण?" त्यांनी विचारलं.

"हजारो आकड्यांची बेरीज करायची असली तर तेच बरोबर, दादा. दर वेळी वर गेलं तर बेरीज फुगते. एकदा वर, एकदा खाली, म्हणजे शेवटी सगळं समसमान होतं."

"बरोबर आहे की मग," दादा म्हणाले. "पण आपल्याकडे पायांची बेरीज करतो कोण?"

सूनबाईने मान खाली घातली. दादांनी कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तीन महिने, पोरी. तीन महिने मला वाटत होतं मी संपलो." आवाज चढला नाही, पण ते तिला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. दादांनी पुन्हा कागद बघितला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "थांब जरा. चवडा कमी होता तर सकाळी चाल बरोबर कशी ऐकू यायची? माझे कान काय रात्री दुरुस्त होत होते?"

त्यांनी आईंना खाली बोलावलं. "बूट काढ."

"कशाला? मला काय धाड..."

"काढ म्हणतो ना!"

आईंनी डावा बूट काढला. दादांनी आतलं पातळ अस्तर उचललं. चवड्याच्या जागी पुठ्ठ्याचा एक तुकडा होता, कात्रीने नीट गोल कापलेला, दिवसभराच्या वजनाने चेपलेला. त्यावर चहाच्या नावाची अर्धी अक्षरं होती.

"अगं बाई," सूनबाई म्हणाली, "म्हणजे उंदीर नव्हते!"

दादांनी त्या तुकड्याच्या न चेपलेल्या कडेला मापक लावला. एक मिलिमीटर. चाळीस वर्षं मुरलेल्या कारागिराला जे सापडलं नव्हतं ते आईंच्या तळव्याने पहिल्याच दिवशी मोजलं होतं. रोज सकाळी नवा तुकडा घालायच्या, संध्याकाळपर्यंत तो चेपायचा, आणि दादा कानांना दोष देत बसायचे.

"बोलली का नाहीस?"

आई बाकावर टेकल्या. "कुणाचं नाव घेऊ? तुमचं घेतलं तर तुम्ही रापी खाली ठेवाल. हिचं घेतलं तर ही त्या मशीनला पुन्हा हात लावायची नाही. तीन दिवस कशी रडवेली होऊन बसली होती, बघितलं होतं मी. म्हटलं, एका पुठ्ठ्याने भागतंय तर भागवू."

"आणि मी रापी ठेवलीच शेवटी!"

"त्या दिवशी सांगणार होते," आई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मग वाटलं, आता सांगितलं तर म्हणाल, इतके दिवस का फसवलंस."

"मी म्हातारा झालो असं वाटत राहिलं मला."

"ते झालातच की. त्यात माझा काय दोष?"

दादा हसले. आधी नाकातून, मग अंग हलेपर्यंत हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. सूनबाई आईंच्या पायाशी बसली आणि त्यांचा तो आखूड पाय तिने दोन्ही हातांत धरला. आईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चाळण्यांच्या वेळीच तुला बोलायला हवं होतं मी," त्या म्हणाल्या.

"माझी रापी कुठाय?" दादांनी हाक मारली.

मुलगा दारातच उभा होता. तो मागे गेला आणि तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली रापी घेऊन आला. फडकं जसं बांधलं तसंच होतं. "मी वापरली नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही मागाल." हे त्याचं त्या वर्षातलं सगळ्यांत लांब भाषण होतं.

उरलेल्या आठ जणांना सूनबाईने स्वतः फोन केले. प्रत्येकाला सांगितलं, चूक माझी, बूट घेऊन या. टपालवाले काका म्हणाले, "चला, म्हणजे गुडघा खोटं बोलत नव्हता." चिठ्ठ्यांचा हिशोब जुन्या आवृत्तीवरच राहील असं ठरलं. मापं घेणारं नवं यंत्र नव्या आवृत्तीवर चालेल, आणि नव्यात एखादी गोष्ट न्यायची तर आधी दोघींकडून करून घेऊन चिठ्ठ्या शेजारी शेजारी लावून बघायच्या. झाडून काढलेल्या नोंदी तिने एकेक करून परत लावल्या. अजगर दोन झाले ते झाले. स्वयंपाकघरात तिने दोन नव्या चाळण्याही आणून ठेवल्या. आईंनी त्या बघितल्या आणि नेहमीप्रमाणे काही बोलल्या नाहीत.

आईंच्या बुटाला दादांनी त्याच दिवशी एक मिलिमीटर कॉर्क चढवलं. दुसरा अख्खा दिवस आई तो घालून वावरल्या. संध्याकाळी दादांनी सगळं काम थांबवलं, शिवणयंत्रही बंद करायला लावलं, आणि पॅसेजमध्ये जाऊन पाठ करून उभे राहिले. आई त्या टोकाकडून निघाल्या. सूनबाई दाराशी श्वास रोखून उभी होती. टाच, चवडा. टाच, चवडा. आई त्यांच्या पाठीशी येऊन थांबल्या तरी दादांनी डोळे उघडले नाहीत.

"दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं.

आईंनी तोंड उघडलं, नेहमीचं उत्तर ओठांवर आलंच होतं. त्यांनी ते गिळलं.

"आता नाही," त्या म्हणाल्या.